शालेय मानसिक आरोग्याच्या संशोधनात उतरताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर शाळेत जाऊन संशोधन करू इच्छिणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यात वावगे काहीच नाही. मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत झालेली असते, असे रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाहणीवरून २००५ मध्ये मांडले, आणि त्या वयाची मुले रोज, ठरल्या वेळी, एका जागी भेटतात ती शाळेतच. अडचण अशी की याच सोयीमुळे शाळा म्हणजे आयता मिळालेला नमुना, असा नवख्यांचा समज होतो. प्रबंध तपासताना आणि निधीचे प्रस्ताव वाचताना ज्या चुका मला सतत दिसतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका समजात आहे.

प्रश्न विचारायचा, पण उत्तराची सोय करायची नाही

नैराश्याची लक्षणे मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सर्रास वापरली जाते. ती मोफत आहे, नऊच प्रश्नांची आहे आणि पाच-दहा मिनिटांत भरून होते. तिचा नववा प्रश्न, मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले, हे विचारतो. या प्रश्नाच्या उत्तराची जबाबदारी बहुतेक प्रस्तावांत एका ओळीत उरकलेली असते: ‘गरज भासल्यास विद्यार्थ्यांना समुपदेशकाकडे पाठवले जाईल.’ कोण पाठवणार, किती वेळात, कोणत्या समुपदेशकाकडे, आणि तो समुपदेशक त्या दिवशी रजेवर असेल तर काय, याचा त्यात मागमूस नसतो.

एका प्रकल्पाच्या देखरेख समितीवर मी होते. संशोधकांच्या चमूने अनेक वर्गांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या, तुकडीवार गठ्ठे बांधले आणि विभागातल्या कपाटात ठेवून दिले, कारण माहिती संगणकात भरण्यासाठी नेमलेली सहायक पुढच्या महिन्यात रुजू होणार होती. ती रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात एक कागद हातात घेऊन प्रमुख संशोधकांच्या खोलीत आली. नवव्या प्रश्नापुढे ‘जवळजवळ रोज’ या रकान्यात खूण होती, आणि ती इतकी दाबून केलेली होती की कागदाच्या मागच्या बाजूला तिचा उठाव आला होता. प्रश्नावली भरून पाच आठवडे उलटून गेले होते. मुलांनी मोकळेपणाने लिहावे म्हणून चमूने त्यांची नावे घेतली नव्हती, हजेरी क्रमांकही घेतला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. त्यामुळे हाती होते ते एवढेच: शाळा, इयत्ता, तुकडी, आणि लिहिणारी मुलगी आहे ही माहिती. समुपदेशकांनी तुकडीतल्या सगळ्या मुलींना एकेक करून भेटून पाहिले, तरीही तो कागद कोणाचा होता हे शेवटपर्यंत कळले नाही. मुलांना दिलेल्या माहितीपत्रकावर मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक छापलेला होता, पण तो विभागाच्या कार्यालयाचा होता आणि कार्यालय संध्याकाळी पाचला बंद होत असे.

हा प्रकार समितीसमोर आला तेव्हा चमूतील एकाने सुचवलेला उपाय असा, की पुढच्या टप्प्यात नववा प्रश्नच गाळावा. हा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही. आठ प्रश्नांची आवृत्ती अस्तित्वात आहे आणि मोठ्या लोकसंख्येच्या सर्वेक्षणांत ती रास्तपणे वापरलीही जाते, पण त्या आठ प्रश्नांवर २४ पैकी २० गुण पडलेले मूल नववा प्रश्न न विचारल्याने बरे होत नाही. असे प्रश्न विचारल्याने आत्महत्येचा विचार मुलांच्या डोक्यात शिरतो, ही भीतीही पुराव्यापुढे टिकत नाही. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यू यॉर्क राज्यातील सहा शाळांतल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या तुलनेत), असे प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये मनस्ताप किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही, आणि हा निष्कर्ष २००५ पासून सर्वांसमोर आहे.

माझी स्वतःची पद्धत जुन्या वळणाची आहे आणि ती सगळ्यांना पटत नाही. प्रश्नावल्या सकाळच्या पहिल्या तासालाच भरून घ्यायच्या, म्हणजे उरलेला दिवस हाताशी राहतो. शेवटचा तास, सुट्टीचा आदला दिवस आणि आठवड्याचा अखेरचा दिवस पूर्णपणे वर्ज्य. कागद गोळा झाले की शाळेचे फाटक ओलांडण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्रपणे प्रत्येक कागदाचा नववा प्रश्न पाहायचा आणि ज्या मुलाने तिथे ‘एकदाही नाही’ सोडून दुसरे काही लिहिले असेल, त्याच्याशी प्रशिक्षित व्यक्तीने त्याच दिवशी बोलायचे. कागदावर नाव नसले तरी सांकेतिक क्रमांक असतोच, आणि क्रमांक व नाव यांची जोडयादी कुलुपात, वेगळ्या व्यक्तीकडे असते. जिवाला धोका दिसल्यास आम्ही मोठ्यांना सांगू, ही गोष्ट मुलाला प्रश्नावली हातात देण्याआधी, त्याला कळेल अशा भाषेत सांगितलेली असावी. टॅबलेटवर उत्तरे घेतली की धोक्याची सूचना आपोआप येते, असे मला उत्साहाने सांगितले जाते. ती सूचना कोणाच्या फोनवर येते आणि तो फोन तेव्हा चालू असतो का, एवढेच मी विचारते.

मुले मोजायची आणि शाळा विसरायच्या

दुसरी चूक कोणाच्या जिवावर बेतत नाही, पण पाच वर्षांचे काम मातीमोल करते. बहिःस्थ परीक्षक म्हणून माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात चार शाळा होत्या: दोन शाळांमध्ये भावनिक कौशल्यांचा कार्यक्रम, दोन शाळा नियंत्रण गटात, म्हणजे तुलनेसाठी कार्यक्रमाविना. प्रत्येक शाळेतून सुमारे १६०, म्हणजे एकूण ६४० विद्यार्थी. विश्लेषणात सगळी मुले जणू एकमेकांशी असंबंधित आहेत असे धरून सरळ टी-चाचणी, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना, लावलेली होती, आणि निकाल अर्थातच ‘लक्षणीय’, म्हणजे केवळ योगायोगाने येणे अवघड असा, होता.

एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात, कारण त्यांचे शिक्षक, वेळापत्रक, शिस्त आणि बऱ्याचदा राहण्याची वस्तीही एकच असते. हे साधर्म्य समूहांतर्गत सहसंबंधाने मोजतात आणि मानसिक आरोग्याच्या बाबतीत शाळेच्या पातळीवर तो अनेकदा ०.०१ ते ०.०५ इतका छोटा असतो. छोटा आहे म्हणून सोडून द्यावा, असे नवख्यांना वाटते. पण नमुना किती फुगवावा लागेल याचे सूत्र पाहा: एक अधिक, शाळेमागील विद्यार्थिसंख्येतून एक वजा करून आलेली संख्या गुणिले हा सहसंबंध. शाळेमागे १६० मुले आणि सहसंबंध ०.०३ धरला तर उत्तर ५.७७ येते. म्हणजे ६४० मुलांची माहिती प्रत्यक्षात साधारण १११ मुलांच्या माहितीइतकीच मोलाची उरते, आणि ‘लक्षणीय’ निकाल तिथेच गळून पडतो.

त्याहून मोठी गोष्ट त्या उमेदवाराच्याच परिशिष्टात होती. क्षेत्रभेटींच्या नोंदींमध्ये त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते, की कार्यक्रम राबवलेल्या एका शाळेत त्याच वर्षी नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी चाचणीचे गुण भर वर्गात वाचून दाखवण्याची प्रथा बंद केली. मुलांची चिंता कमी झाली ती कार्यक्रमामुळे की मुख्याध्यापकांमुळे, हे प्रत्येक गटात दोनच शाळा असताना कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. तोंडी परीक्षेत मी हे विचारले तेव्हा उमेदवाराने मार्गदर्शकांकडे पाहिले आणि मार्गदर्शकांनी खिडकीकडे. दोष मला त्या मुलापेक्षा मार्गदर्शकांचा अधिक वाटला, कारण जवळच्या चार शाळांची परवानगी लवकर मिळते म्हणून त्या निवडण्याचा सल्ला त्यांचाच होता.

चारच शाळा हाताशी असतील तर परिणामकारकता सिद्ध करण्याचा हट्ट सोडावा. कार्यक्रम राबवता येतो का, शिक्षक तो कितपत पाळतात, मुले कुठे कंटाळतात, प्रश्नावली या वयोगटात नीट चालते का, यांवर उत्तम प्रबंध होऊ शकतो. परिणामकारकताच तपासायची असेल तर यादृच्छिक वाटप शाळांचे करावे लागते, शाळांची संख्या वाढवावी लागते आणि संख्याशास्त्रज्ञाकडे प्रस्ताव लिहिण्यापूर्वी जावे लागते. माहिती गोळा करून झाल्यावर जे येतात त्यांना तो फक्त सांत्वन देऊ शकतो. अशा, म्हणजे शाळांसारख्या समूहांचे वाटप करणाऱ्या क्लस्टर चाचण्यांच्या वृत्तांकनासाठी कॉन्सॉर्ट या चाचण्यांच्या वृत्तांकनाच्या मार्गदर्शिकेची स्वतंत्र नियमावली आहे. ती लेख लिहिताना सगळे उघडतात, मी ती आराखडा करतानाच समोर ठेवते.

इतर चुका

परीक्षेच्या आधी पहिली मोजणी आणि परीक्षेनंतर दुसरी मोजणी करू नका. चिंता आपोआपच उतरते आणि श्रेय कार्यक्रमाला जाते.

पालकांची संमतिपत्रे परत न आलेली मुले किती आणि कोणती, हे नोंदवा. बऱ्याचदा ज्यांचा शोध घ्यायला आपण गेलेलो असतो, तीच गळालेली असतात.

मुलांच्या भावना आणि वर्तन मोजणाऱ्या एसडीक्यूसारख्या मापन्यांवर (प्रश्नावल्यांवर) स्वामित्वहक्क असतो. त्यातले पंचवीसपैकी चार प्रश्न ‘आपल्याकडे लागू नाहीत’ म्हणून वगळले तर उरते ती मापनी तुमची खासगी असते.

‘शिक्षकच हा कार्यक्रम घेतील’ हे वाक्य प्रस्तावात स्वस्त दिसते म्हणून लिहिले जाते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सेहेर चाचणीत (२०१८) एकच कार्यक्रम काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी राबवला आणि काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांमध्ये शाळेचे वातावरण आणि नैराश्याची लक्षणे दोन्ही सुधारली, तर शिक्षकांच्या शाळा नियंत्रण गटाहून वेगळ्या दिसल्या नाहीत. शिक्षक नालायक असतात असा याचा अर्थ काढणाऱ्यांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांच्यावरील कामांची यादी करावी.

पाठपुरावा तीन महिन्यांवर थांबवणे ही अधीरता महागात पडते. दहा युरोपीय देशांतील १६८ शाळा आणि अकरा हजारांवर विद्यार्थी असलेल्या सेली चाचणीत तीन महिन्यांनी गटांमध्ये फरक दिसला नव्हता, पण बारा महिन्यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘याम’ या मानसिक आरोग्यविषयक जाणीव-जागृतीच्या कार्यक्रमाच्या गटात आत्महत्येचे नवे प्रयत्न कमी आढळले. त्या चमूने तीन महिन्यांवर गाशा गुंडाळला असता तर हा निष्कर्ष हाती आलाच नसता.

प्रकाशनाची घाई

एकाच माहितीचे मुलींवर एक, मुलांवर एक, आठवीवर एक असे तुकडे पाडून शोधनिबंध छापणाऱ्यांची यादी लांब दिसते, पण निवड समितीतला जाणता माणूस ती दोन मिनिटांत ओळखतो. ‘काही परिणाम दिसला नाही’ हा निष्कर्ष दडपणे तितकेच वाईट. ब्रिटनमधील मिरियड चाचणीत ८५ शाळा आणि आठ हजारांवर विद्यार्थी होते. शाळेत शिकवलेले माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा सराव) नेहमीच्या शिक्षणापेक्षा सरस ठरले नाही, असे संशोधकांनी २०२२ मध्ये स्पष्ट लिहिले आणि ते काम आज या क्षेत्रात सर्वाधिक चर्चिल्या जाणाऱ्या कामांपैकी आहे. ते शक्य झाले, कारण काय मोजायचे आणि कसे तपासायचे हे त्यांनी आधीच जाहीर केलेले होते. तुमचा अभ्यास लहान असला तरी पहिले मूल सामील करण्यापूर्वी अभ्यासाची जाहीर नोंदणी करा, मुख्य निष्पत्ती (ज्यावरून यश ठरवायचे ते माप) एकच ठरवा आणि ती मागाहून बदलू नका. निकाल हाती आले की शाळेसाठी दोन पानांचा सोपा अहवाल नियतकालिकाच्या उत्तराची वाट न पाहता पोहोचता करा, कारण परीक्षणात वर्ष निघून जाते आणि तोवर तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्या तुकडीने शाळा सोडलेली असते.