चार ब्लॉग, एक तक्ता: वर्डप्रेसवरच्या प्लगिनची आवराआवर

एकाहून जास्त वर्डप्रेस ब्लॉग चालवले की प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम, नकळत साठत जातात. कवितांच्या ब्लॉगवर संपर्काचा एक फॉर्म, भटकंतीच्या ब्लॉगवर दुसराच, पाककृतींच्या ब्लॉगवर तिसरा. काम तिन्हींचं एकच. प्रत्येक प्लगिन म्हणजे आपल्या सर्व्हरवर चालणारा परक्याचा कोड, आणि त्याची डागडुजी थांबली की घुसखोरांना वाट मिळते. म्हणून एक निवांत रविवार काढा आणि सगळे ब्लॉग एकदमच हाती घ्या.

१. आधी बॅकअप. फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा. अपड्राफ्टप्लससारखं प्लगिन वापरा किंवा होस्टिंगच्या पॅनलमधून घ्या, पण तो स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा. सर्व्हर गेला तर त्याच्यावर ठेवलेला बॅकअपही जातो.

२. तक्ता करा. डावीकडे एकाखाली एक प्लगिनची नावं, वरच्या ओळीत ब्लॉगची. शेवटचा रकाना महत्त्वाचा: 'हे कशासाठी?' उत्तर एका वाक्यात, आपल्या शब्दांत लिहायचं. ज्याच्यापुढे वाक्य सुचत नाही ते जाणाऱ्यांच्या यादीत.

३. आता गरज उरली नाही ते ओळखा. मराठी ब्लॉगवर हमखास सापडणारं म्हणजे देवनागरी टायपिंगचं प्लगिन. आता फोनवर आणि विंडोजवर मराठी कळफलक असतोच, तेव्हा ते काढा. फोटो लागतील तसे उतरवण्याची सोय आणि साइटमॅप (सर्च इंजिनसाठी ब्लॉगच्या पानांची यादी) या दोन्ही गोष्टी ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहेत. केवळ तेवढ्यासाठी घेतलेली प्लगिन जाऊ द्या.

शीर्षकावरून बनणारी लेखाची लिंक रोमन लिपीत करणाऱ्या प्लगिनचा मात्र नीट विचार करा. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर नऊ चिन्हांची जागा घेतं, काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजली जाते, आणि वर्डप्रेस 200 चिन्हांपर्यंतच जागा देतं. म्हणजे साधारण 22 अक्षरांनंतर लिंकमधलं शीर्षक मध्येच तुटतं. मी लेख प्रसिद्ध करण्याआधी लिंक हातानेच रोमनमध्ये लिहिते. दहा सेकंदांचं काम आहे, त्यासाठी प्लगिन लागत नाही. जुन्या लेखांच्या लिंक आहेत तशाच राहू द्या.

४. उरलेल्यांची चौकशी करा. वर्डप्रेसच्या अधिकृत सूचीत शेवटचं अपडेट कधीचं, कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलंय, प्रश्नांना उत्तरं मिळतात का, हे पाहा. वर्षानुवर्षं अपडेट नसेल तर पर्याय शोधा. मालक बदलल्याचं कळलं तर जास्तच जपा. 'डिस्प्ले विजेट्स' हे सुमारे दोन लाख साइट्सवरचं प्लगिन असंच विकलं गेलं. 2017 मध्ये नव्या मालकाच्या आवृत्त्यांमधून साइट्सवर गुपचूप स्पॅम मजकूर घालणारा कोड आला आणि शेवटी ते सूचीतून काढावं लागलं. नुसता वापरणाऱ्यांचा आकडा पाहून भरवसा ठेवू नये, तो यासाठी.

५. बंद करा, थांबा, मग काढा. एका वेळी एकच प्लगिन डीॲक्टिव्हेट करा आणि ब्लॉग फोनवर, तसंच लॉगइन न करता उघडून पाहा. आठवडाभर काही अडलं नाही तर डिलीट करा. नुसतं बंद ठेवलेल्या प्लगिनच्या फाइल्स सर्व्हरवरच असतात, त्यातली खोटही तिथेच असते.

डिलीट करण्याआधी लेखांमध्ये चौकटी कंस [ ] शोधा. काही प्लगिन लेखात अशा कंसातली खूण ठेवतात आणि तिच्या जागी आपला मजकूर दाखवतात. आईच्या पाककृतींच्या ब्लॉगवर मी पाककृतीची चौकट दाखवणारं एक प्लगिन घाईने काढलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर साहित्य आणि कृतीच्या जागी कंसातला नुसता क्रमांक. सगळा मजकूर डेटाबेसमधल्या प्लगिनच्या स्वतःच्या तक्त्यांत होता आणि 'काढताना डेटा पुसा' या पर्यायावर आधीपासूनच खूण होती. बॅकअप होता म्हणून आईचं खिमट, सांदण, सगळं परत मिळालं. तेव्हापासून जो मजकूर जपायचा तो साध्या लेखातच लिहिते. तुम्हीही काढण्याआधी सेटिंग्जमधला हा पर्याय पाहा, आणि मजकूर लेखात उतरवून झाल्यावरच खूण करा. नाहीतर उरलेला डेटा डेटाबेसमध्ये पडून राहतो.

६. सगळीकडे एकच संच ठेवा. बॅकअप, स्पॅम अडवणारं, फॉर्म, कॅशे (पानं तयार ठेवून ब्लॉग लवकर उघडणारं): प्रत्येक कामाला एकच प्लगिन, सगळ्या ब्लॉगवर तेच. दोन कॅशे प्लगिन एका ब्लॉगवर कधीही ठेवू नका, ती एकमेकांच्या कामात येतात. सगळे ब्लॉग एकाच मल्टिसाइटमध्ये, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर, घालायचा सल्ला मिळेल. प्लगिन एकदाच बसवावं लागतं हे खरं, पण एक बिघडलं की सगळे ब्लॉग एकदम बंद पडू शकतात. घरगुती ब्लॉग मी वेगळेच ठेवते.

मधेच पान कोरं दिसू लागलं तर घाबरू नका. आधी ईमेल पाहा: 5.2 आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनला दुरुस्तीची लिंक पाठवतं. ती आली नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. ते लगेच बंद पडतं आणि ब्लॉग पुन्हा उघडतो.