तलावावर चेकिंगवाले आले तर काय करायचं, गळवाल्यांसाठी सांगतो

पावसाळा सरला की गोसेखुर्द, इटियाडोह, अप्पर वर्धा, बेंबळा, जिकडे पाहा तिकडे काठावर गळ टाकून बसलेले लोक दिसतात आणि दर हंगामात तोच प्रश्न विचारून राहिले की भाऊ, गार्ड आला, पावती मागितली, बॅग उघडायला लावली, त्याला तेवढा अधिकार आहे का आणि आपण काय करायचं. म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून टाकतो. वाचा आणि सोबत येणाऱ्या पोरांनाही वाचून दाखवा, काहून की बहुतेक भांडणं माहिती नसल्यामुळेच होतात.

गळ टाकायच्या आधी एकच गोष्ट पक्की करा, की हे पाणी कोणाचं आहे. पाणी सरकारचं म्हणजे सगळ्यांचं असं धरून चालू नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव घ्या, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. सिंचनाच्या हिशोबाने कुठला जिल्हा परिषदेकडे, कुठला पाटबंधारे खात्याकडे, पण त्यातली मासोळी बहुतेक ठिकाणी गावच्या ढिवर भावांच्या मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेली असते. ठेक्याचे पैसे ते भरतात, मत्स्यबीज विकत आणून ते सोडतात, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मोठी होईस्तोवर रात्रीची राखणही तेच करतात. आपण नागपूरहून गाडी घेऊन जातो आणि त्यांच्या रोहू-कतल्यावर गळ टाकतो, मग राखणदाराने पावती मागितली तर त्याच्यावर डोळे काढायचे काय म्हणून? तो पाण्याचा मालकच आहे असं समजा. गावात जा, संस्थेच्या अध्यक्षाला नाहीतर सचिवाला भेटा, किती गळ चालतील, किती मासे नेता येतील, काय द्यायचं ते विचारा आणि पावती लिहून घ्या. पावतीवर तारीख, तलावाचं नाव आणि सही पाहिजेच. तोंडी "बसा ना दादा" म्हणणारा माणूस संध्याकाळी तिथे नसतो आणि दुसरा पाळीवर आलेला असतो.

गडचिरोलीत अजून एक गोष्ट आहे. तिथे कितीतरी गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, मेंढा-लेखा गावाला तर २००९ मध्येच, आणि त्या हक्कात पाण्यातले मासेही येतात. शिवाय जो भाग पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, आहे तिथे गावातल्या लहान पाणवठ्यांवर ग्रामसभेचा शब्द चालतो. म्हणून तिकडे जाताना ग्रामसभेला विचारल्याशिवाय गळ काढूच नका. मान दिला की तिथले लोक स्वतः चांगली जागा दाखवतात.

आता जंगलाचं. इथे कायदा कडक आहे आणि इथेच लोक फसतात. नवेगाव-नागझिरा, ताडोबा, पेंच, बोर, मेळघाट, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, या सगळ्यांच्या हद्दी कुठे ना कुठे पाण्याला लागून आहेत, आणि काठावर बसलेल्या माणसाला हद्द कुठे सुरू झाली ते दिसत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय पाय ठेवणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मासा लागला की नाही लागला हा पुढचा प्रश्न. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला एका बाजूने कऱ्हांडल्याचं जंगल आहे, म्हणून तिकडे जाण्याआधी जवळच्या वनरक्षकाला नाहीतर रेंज ऑफिसात जाऊन सरळ विचारा की साहेब, कुठवर बसलं तर चालते. विचारणाऱ्याला कोणी पकडत नाही. पेंचच्या जंगलातलं तोतलाडोह धरण तर विसरूनच जा. तिथल्या मासेमारीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, १९९७ मध्ये मध्य प्रदेशाकडच्या ३०५ परवान्यांबद्दल निकाल देताना कोर्टाने अटी घातल्या होत्या की फोटोचं ओळखपत्र सोबत पाहिजे, ठरलेल्या रस्त्यानेच जायचं, काठावर आग पेटवायची नाही. ज्यांचं पोटच त्या पाण्यावर होतं त्यांना इतक्या अटी लागल्या, मग हौसेने जाणाऱ्याने तिथे सूट मागू नये.

कागदं कशी ठेवायची ते ऐका. पावती नाहीतर परवानगीचं पत्र, आधारची झेरॉक्स, गाडीची कागदं, सगळं एका चेनवाल्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, आणि ते पाऊच शर्टाच्या आत नाहीतर बॅगच्या वरच्या खिशात. मोबाईलमध्ये फोटो आहे म्हणून भागत नाही, धरणाच्या भिंतीखाली नेटवर्क नसते आणि ओल्या हाताने मोबाईल पाण्यात गेलेला मी पुष्कळांचा पाह्यला.

डोंग्यात नाहीतर बोटीत बसणार असाल तर इथे जरा थांबून वाचा, मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले, दशक्रियेसाठी जमलेली घरची माणसं होती ती. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शीकडे वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव बुडाली. ही गरजेने निघालेली माणसं होती, आपण हौसेने जातो, तरी लाइफ जॅकेट सीटखाली कोंबून ठेवतो आणि लांबून चेकिंगची बोट येताना दिसली की घाईघाईने घालतो. असं नका करू बाप्पा. डोंगा अरुंद असतो, मरळ लागली म्हणून दोघं एकाच बाजूला वाकले की झालं. जॅकेट काठावरच घालायचं, सगळे बक्कल लावायचे, आणि सोबतच्याला म्हणायचं की खांद्याजवळ धरून वर ओढून पाहा, कानापर्यंत सरकत असेल तर ते तुमच्या मापाचं नाही. लेबल वाचा. तरंगवायची ताकद न्यूटनमध्ये लिहितात, त्यावर ५० न्यूटन लिहिलं असेल तर ते पोहता येणाऱ्याला फक्त आधार देण्यापुरतं आहे, पोहता येत नसेल तर १०० किंवा त्याच्या वरचंच घ्या, आणि किती वजनाच्या माणसासाठी आहे तेही तिथेच लिहिलेलं असते. आतला फोम दाबून पाहा, दाबलेला वर येत नसेल तर ते जॅकेट फेकून द्या. सीटी बांधलेली ठेवा. सोबत लांब दोर, पाणी उपसायला डबा, जास्तीचं वल्हं आणि टॉर्च, एवढं असलं की चेकिंगवालाही समाधानाने पुढे जातो. इंजिनवाली बोट असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी, तपासणी, विमा सगळं आलं, म्हणून भाड्याने घेताना मालकाला कागद दाखवायला सांगा. जॅकेट माणशी एक नसेल तर त्या बोटीत बसूच नका, पैसे परत नाही मिळाले तरी चालतील.

आता प्रत्यक्ष चेकिंग आलं तर. गळ ओढून घ्या, रॉड खाली ठेवा, मासे कापायचा चाकू हातात असेल तर तोही ठेवा, उभे राहा, नमस्कार साहेब म्हणा. पळायचं नाही, पोतडी पाण्यात ढकलायची नाही, माणूस पळाला की साध्या गोष्टीचा संशय मोठा होतो. बोटीत असाल तर इंजिन बंद करा आणि त्यांना बाजूला येऊ द्या, उभं राहून हात हलवत बसू नका. ओळखपत्र मागायचं असेल तर जरूर मागा पण आवाज साधा ठेवा: "साहेब, तुमचं नाव नि पद सांगाल का, लिहून ठेवतो." कायदा असा आहे की वनखात्याचे अधिकारी आणि पोलिसातला पीएसआय किंवा त्याच्या वरचा, यांना गुन्हा झाल्याचं रास्त कारण वाटत असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ५० खाली गाडी आणि नाव थांबवता येते, सामान तपासता येते, हत्यार-साधन जप्त करता येते. ज्या कामाला परवाना लागतो ते काम करताना दिसलं तर परवाना दाखवायला थांबवता येते, आणि तो दाखवता नाही आला तर वॉरंटशिवाय अटकही होते, पण खरं नाव-पत्ता दिला आणि बोलावल्यावर हजर राहू याची त्यांची खात्री पटली तर ती अटक टळू शकते. म्हणून खोटं नाव कधीच सांगू नका. संस्थेच्या राखणदाराचं वेगळं आहे, तो पोलीस नाही, बॅगची झडती घ्यायचा त्याला अधिकार नाही, पण पावती मागायचा आणि उठवायचा पूर्ण हक्क आहे. तो म्हणाला उठा, तर उठा, आणि वाद असेल तर संस्थेत जाऊन बोला.

पोतडीत काय आहे यावरूनही बरंच ठरते. गळाला कासव लागणं आपल्याकडे नवीन नाही, पण आपल्या तलावातली बरीचशी कासवं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, वाघाच्याच यादीत, आणि त्यात कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे. कासव लागलं तर ओल्या फडक्याने धरा, गरी, म्हणजे गळाचा हूक, सहज निघत असेल तर काढा, खोल गेली असेल तर ओढाताण न करता तोंडाजवळ दोरी कापा आणि लगेच पाण्यात सोडा, फोटोसाठी दहा मिनिटं उन्हात धरून बसू नका. शेजारी कोणी करंट लावत असेल, नाहीतर स्फोटकं, विष टाकत असेल तर सामान उचला आणि तिथून निघा. स्फोटकं आणि विष १८९७ च्या कायद्यापासून बंद आहेत, एका दिवसात आख्ख्या तलावाचं बीज मरते आणि संस्थेच्या घरांची वर्षाची कमाई जाते. वनहद्दीत असं दिसलं तर १९२६ वर फोन करा, वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे.

सामान जप्त झालंच तर पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. रॉड किती, रीळ कोणत्या कंपनीची, मासे किती किलो, जागा कोणती, वेळ काय, हे सगळं बरोबर लिहिलं का ते पाहा, चूक असेल तर तिथेच सांगून दुरुस्त करून घ्या, आणि जप्तीच्या कागदाची प्रत मागा. दंड भरायला सांगितला तर छापील पावतीशिवाय भरू नका. वन्यजीवच्या प्रकरणात तडजोडीची रक्कम ठरवायचा अधिकार वरच्या अधिकाऱ्याला असतो, काठावर उभं राहून कोणी खिशातून मिटवू म्हणत असेल तर शांतपणे म्हणा की साहेब, ऑफिसात येतो, तिथेच भरतो. तरीही पैसे मागत राहिले तर अँटी करप्शनचा नंबर १०६४ आहे, पैसे द्यायच्या आधी लावा, काहून की सापळा आधीच लावावा लागतो.