सोलापूरच्या उन्हात फोटो काढायचे तर

नवीन कॅमेरा घेतलेला जो भेटेल तो आधी विचारतो, लेन्स कुठली घेऊ? थांबा की ओ मालक, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवरच पहिला उन्हाळा काढा. इथं लेन्सपेक्षा ऊन जास्त नडतं. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर सूर्य असा चढत जातो की माणसाच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात. त्यामुळं सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याचा तट वगैरे जे काय असेल ते सकाळी आठच्या आत उरकायचं, नाहीतर सरळ संध्याकाळी.

दुपारी फिरायचंच असेल तर माणसाला उन्हात उभं करू नका, घराच्या किंवा दुकानाच्या दारात उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभं करा, रस्त्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो आणि मागं आपोआप अंधार मिळतो. स्टुडिओ फुकटात.

आता गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, घातलेली एवढी माणसं असतात की अख्खी फ्रेमच पांढरी होते, आणि कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळं करडं करून टाकतो. हे नंतर मोबाईलवर ब्राइटनेस वाढवून निस्तरत बसण्यापेक्षा तिथंच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं +/- बटण) प्लस ०.७ किंवा प्लस १ करा. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडं सरकलेला हवा पण उजव्या कडेला चिकटलेला नको, चिकटला की कापडाच्या घड्या गेल्या. नंदीध्वज उंच, त्यामुळं फ्रेम उभी धरा. अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांच्या लग्नाचा विधी) तो जिथं होतो त्या संमती कट्ट्याजवळ जागा मिळेल या आशेवर राहू नका, थोडं लांब एखाद्या ओळखीच्या माणसाची गच्ची आधीच बोलून ठेवलेली बरी.

माझ्या मते मात्र सोलापूरचा खरा फोटो पूर्व भागात, चादरीच्या कारखान्यात आहे. आधी विचारा, 'मालक, दोन फोटो काढू का', आणि तेलुगू येत असेल तर काम पटकन होतं. न विचारता आत शिरून कॅमेरा रोखणारे मला आवडत नाहीत, त्यांच्यामुळं पुढच्याला दार बंद होतं. आतली अडचण म्हणजे ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण शटर स्पीड १/५०० सेकंद ठेवून फोटो काढला की कधी पट्टे येतात, कधी एक फोटो पिवळट तर पुढचा हिरवट. १/१०० किंवा १/५० वर या, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) लागेल तेवढा चढवा, थोडी खरखर आली तर येऊ दे. १/१५ ला श्वास धरून काढलं तर धोटा (मागात आडवा धागा नेणारा) नुसती रेघ होतो आणि माग चालवणारा स्थिर राहतो, मला तर असा फोटो जास्त जिवंत वाटतो. जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं वर माळेसारखी लटकलेली असतात, त्यांच्यामागं खिडकी येईल असं उभं राहा, भोकाभोकातून उजेड येतो. आणि आत लेन्स बदलू नका! हवेत कापसाचे तंतू असतात, एक जरी सेन्सरवर बसला तर प्रत्येक आभाळात किडा दिसणार.

काळवीट बघायला नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं जाणाऱ्यांसाठी एवढंच, ऊन तापलं की माळावरची हवा थरथरते, मग लांबचं काहीच शार्प येत नाही, कितीही महाग लेन्स असू द्या. अभयारण्यात जायचं तर परवानगी काढून, आणि रस्त्याकडेला दिसले तर गाडीतून उतरू नका, दोन पायांचा माणूस दिसला की कळप पळतो, गाडी उभी असली तर बऱ्याचदा चरत राहतो. इंजिन मात्र बंद करा, थरथरीनं फोटो हलतो. ट्रायपॉडची गरज नाही, कापडी पिशवीत ज्वारी भरून गाडीच्या खिडकीच्या अर्ध्या खाली केलेल्या काचेवर ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. गच्च भरू नका, अर्धीच भरा म्हणजे लेन्स नीट बसते.