घारीचं पिल्लू खाली पडलं तर

ठाण्यात नौपाडा असो की घोडबंदर रोड, सोसायटीतल्या नारळावर किंवा रेन ट्रीवर घारीचं घरटं असतंच. अंडी दोन-तीन, उबवायला महिनाभर, मग पिल्लू उडायला आणखी दीड-दोन महिने. उन्हाळ्यात पावसाळ्याआधीची छाटणी सुरू होते तेव्हा काही घरट्यांत पिल्लं असतात. फांदी तोडण्याआधी वर बघा. घरटं असेल तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

पडलेलं पिल्लू दिसलं की आधी त्याचं वय ओळखा. पूर्ण पिसं आलेलं, तपकिरी अंगावर फिके ठिपके, पायांवर नीट उभं राहतंय, तर ते उडायला शिकतंय. कुत्र्या-मांजरांपासून वाचेल अशा फांदीवर किंवा भिंतीवर ठेवा आणि लांब व्हा. आईबाप त्याला पुढचे काही आठवडे भरवतात. अंगावर लव असेल तर मात्र त्याला वर पोचवावं लागतं.

उचलताना डोक्यावरून टॉवेल टाका, पंख मिटवून धरा. चोचीपेक्षा नख्यांपासून स्वतःला जपा. आईबाप झेपावतात, म्हणून हेल्मेट घाला. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खरं नाही.

घरटं शाबूत असेल तर तिथेच ठेवा. नसेल तर दीड फूट रुंदीची बांबूची टोपली घ्या. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पाडा आणि आत सुक्या काटक्या जाड पसरा. कापड नको: त्याच्या दोऱ्यात बोटं अडकतात, आणि गुळगुळीत तळावर पकड न मिळाल्याने पाय फाकतात. टोपली त्याच झाडाच्या बेचक्यात, सावलीत, तारेने तीन ठिकाणी घट्ट बांधा. झाडच गेलं असेल तर शेजारचं झाड चालेल. पिल्लाच्या आवाजावर आईबाप येतात. चढण्यासाठी नारळ काढणाऱ्याला बोलवा. मग खिडकीतून लक्ष ठेवा. अंधार पडेपर्यंत कोणी फिरकलं नाही, तर वनविभागाच्या १९२६ वर कळवा.

लोंबता पंख, रक्त किंवा पिसांत तांदळाच्या कण्यांसारखी माशीची अंडी दिसली तर वाट न बघता लगेच फोन करा. मांजा गुंतला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. मांसात रुतलेला तुकडा डॉक्टर काढतील. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव, भातही नको. घार १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे पिल्लू घरी पाळता येत नाही.