लांब पल्ल्याच्या हरण-रायफलसाठी काडतूस कसं निवडावं: आधी गोळी, मग पुंगळी

रायफल बनवून घ्यायची ठरली की माणसं पहिला प्रश्न चुकीचा विचारतात. "कुठलं काडतूस सगळ्यात चांगलं?" मग कोणीतरी सर्वांत वेगवान मॅग्नमचं (जास्त दारूच्या, जोरकस काडतुसाचं) नाव सांगतो, दुसरा म्हणतो त्याच्या आजोबांनी .३०-०६ वरच सगळं आयुष्य काढलं, आणि रायफल मागवणारा गोंधळून जातो. हरणाला काडतूस लागत नाही, गोळी लागते. पितळेची पुंगळी आणि तिच्यातली दारू ही फक्त त्या गोळीला योग्य वेगाने तिथवर पोचवण्याची सोय आहे. म्हणून निवड उलट्या दिशेने, हरणाकडून सुरू करून रायफलीपर्यंत यायची.

परवाना आणि हंगाम तुम्हाला माहीत आहेत, आणि तुमच्या शिकारीच्या प्रदेशात हरणासाठी किमान कॅलिबर (गोळीची जाडी), ऊर्जा किंवा शिसंविरहित गोळीचा नियम असेल तर तोही तुम्ही वाचलेला आहे, असं धरून चालतो.

अंतर ठरवा, आणि खरं सांगा

हरणाची छाती, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा भाग, साधारण २० ते २५ सेंटिमीटरचं वर्तुळ आहे. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारलेले पाच बार इथे मोजू नका. जमिनीवर पालथं पडून, पाठपिशवीवर रायफल टेकवून, धाप लागलेली असताना, वाऱ्यात ज्या अंतरावर तुमची प्रत्येक गोळी २० सेंटिमीटरच्या आत पडते तेच तुमचं अंतर. बहुतेकांसाठी ते ३०० ते ४५० मीटर असतं. गोळीला ४५० मीटर जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात चरणारं हरीण एक पाऊल टाकतं. रायफल कितीही उत्तम असली तरी ते पाऊल तिला थांबवता येत नाही.

गोळी निवडा, आणि तिला किती वेग लागतो ते शोधा

इथेच मी चुकलो होतो, आणि ती चूक अजून सलते.

शिकारी गोळी आत शिरल्यावर फुलते, म्हणून ती मारक ठरते. फुलण्यासाठी तिला आदळताना ठराविक किमान वेग लागतो. शिशाचा गाभा आणि तांब्याचं आवरण असलेल्या बऱ्याच गोळ्यांसाठी तो ५५० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. खास लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही मऊ गोळ्या ४९० लाही फुलतात. अखंड तांब्याच्या बहुतेक गोळ्यांसाठी मी ६१० च्या खाली भरवसा ठेवत नाही. वेग त्याहून कमी असेल तर गोळी सुईसारखी आरपार जाते, आत जाताना जेवढं भोक तेवढंच बाहेर पडताना.

माझ्याकडे ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम होती. १९६२ सालचं, नाव कमावलेलं काडतूस. वजनाला हलकी पडावी म्हणून नळी ५५ सेंटिमीटरची ठेवून घेतली होती. काडतुसाच्या पेटीवर ९४० मीटर प्रति सेकंद छापलेलं होतं, गोळी १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅम), अखंड तांब्याची, आणि विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की ही कशालाही पुरून उरेल. ५२० मीटरवर हरीण आडवं उभं होतं, वारा नव्हता. गोळी खांद्याच्या मागे, नेम धरला होता तिथेच लागली. अगदी वर्मी. हरीण जणू काही झालंच नाही असं चालत झाडीत गेलं. रक्ताचा माग जवळजवळ नव्हताच. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. दोन्ही बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं होती. त्या रात्री त्या जनावराने किती सोसलं असेल याला जबाबदार मीच होतो.

घरी येऊन मी जे केलं ते आधी करायला हवं होतं. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, माझ्या नळीतून गोळी ९१५ ने निघत होती. ५२० मीटरवर तिचा वेग ५६० च्या आसपास उरत होता आणि तिला फुलायला ६१० लागत होते. नेमही बरोबर होता आणि काडतूसही दमदार होतं. चुकलं ते त्या अंतरासाठी निवडलेल्या गोळीच्या बाबतीत.

तेव्हापासून माझी पद्धत पक्की आहे. गोळी बनवणारा किमान आदळ-वेग सांगतो तो आकडा घ्यायचा, आणि त्यात आपल्या सुरक्षेसाठी ३० ते ५० मीटर प्रति सेकंद मिळवायचे. मग बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये (गोळीचा मार्ग आणि वेग काढून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आपली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि शिकारीच्या दिवसातलं तापमान घालून बघायचं की ठरवलेल्या अंतरावर तेवढा वेग उरतो का. पेटीवरचा वेग जशाच्या तसा घालू नका. तो बहुधा ६१ सेंटिमीटरच्या नळीतून मोजलेला असतो, आणि नळी एक इंच आखूड झाली की साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंद जातात. सायलेन्सर लावायचा म्हणून नळी आखूड करणाऱ्यांनी तर हा हिशोब आधी करावा. थंडीत दारू थोडी मंदावते, तेव्हा उन्हाळ्यात मोजलेल्या वेगावरही विसंबू नका.

दुसरं टोकही आहे. मऊ, लांब पल्ल्याची गोळी प्रचंड वेगाच्या मॅग्नममधून निघाली आणि हरीण ४० मीटरवर उभं राहिलं, तर ती खांद्याच्या हाडावरच फुटू शकते. मांसाचा चेंदामेंदा होतो आणि जखम मात्र उथळ राहते. झुडपांच्या कडेनेही शिकार करत असाल तर दोन्ही टोकांना चालणारी गोळी हवी, आणि तिथे मध्यम वेगाचं काडतूस मॅग्नमपेक्षा चांगलं ठरतं.

आता काडतूस

एवढं केलं की निवड जवळजवळ आपोआप होते. १४३ ग्रेनची निमुळती गोळी ६.५ क्रीडमूर या मध्यम वेगाच्या काडतुसातून ८२० ने निघते. समुद्रसपाटीच्या हवेत ४५० मीटरवर तिच्यात ६२० च्या आसपास, ६०० मीटरवर ५६० च्या आसपास वेग उरतो. हरणासाठी हे पुरेसं आहे, कोणी काहीही म्हणो. .३०८ विंचेस्टर १९५२ पासून आहे. १७८ ग्रेनच्या गोळीने ते ४५० मीटरवर ५५५ च्या आसपास येतं, म्हणजे ४०० पर्यंत निर्धास्त वापरा. अखंड तांब्याचीच गोळी वापरायची असेल किंवा अंतर खरोखर ५०० च्या पुढे असेल, तर ६.५ पीआरसी किंवा ७ पीआरसी या जास्त वेगाच्या काडतुसांकडे वळा. ७ पीआरसीमध्ये १७५ ग्रेनची लांब पल्ल्याची गोळी ६०० मीटरवरही ६३० च्या पुढे असते. फक्त हरणासाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम मी कोणालाही सुचवत नाही.

कारण खांद्याला बसणारा धक्का. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त असतो. "सवय होते" हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. सवय होत नाही, डोळे मिटायची आणि ट्रिगर झटक्यात ओढायची खोड लागते. शिवाय धक्का मोठा असेल तर बार उडताच दुर्बिणीतून हरीण हरवतं, आणि गोळी कुठे लागली ते दिसत नाही. ते दिसणं दुसऱ्या गोळीइतकंच मोलाचं आहे.

कारागिराला ऑर्डर देण्याआधी

ट्विस्ट (गोळीला फिरवणारा नळीच्या आतल्या खाचांचा पीळ), मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) या तीन गोष्टी गोळीप्रमाणेच ठरवून घ्या. लांब गोळीला स्थिर राहायला जास्त पीळ लागतो. १९२५ च्या .२७० विंचेस्टरच्या नळ्या परंपरेने १० इंचाला एक फेरा अशा असतात, त्यामुळे आजच्या सर्वांत लांब गोळ्या त्यांतून नीट उडत नाहीत. ६.५ ला आणि ७ पीआरसीला ८ इंचाला एक फेरा असा ट्विस्ट मागा. ६.५ पीआरसीचं भरलेलं काडतूस साधारण ७५ मिलिमीटर लांब होतं आणि आखूड ॲक्शनची (ॲक्शन म्हणजे काडतूस चढवणारी आणि बार उडवणारी यंत्रणा) पुष्कळ मॅगझिनं ७२ च्या आसपासच संपतात, तेव्हा मॅगझिनची आतली लांबी स्वतः मोजा. बोल्टचं तोंडही, म्हणजे काडतुसाचं बूड जिथे टेकतं तो भागही, बघा. .३०८, .३०-०६ आणि क्रीडमूरसाठी ते सारखंच असतं, मॅग्नमला मोठं लागतं. जुनी ॲक्शन वापरून पैसे वाचवायचे असतील तर हा एक मुद्दा अर्धी यादी कमी करतो.

चेंबर कापायला कोणता रीमर वापरणार ते लेखी घ्या, आणि निवडलेल्या गोळीचं एक नकली, दारू व प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेलं काडतूस कारागिराच्या हातात द्या. "सगळ्यांना चालतं ते करून देतो" असं उत्तर आलं तर दुसरा कारागीर शोधा.

काडतुसं हंगामभर सहज मिळतात ना, ते बघा. नळी किती बार टिकेल याची काळजी शिकाऱ्याने करू नये. वर्षाला शंभर बार मारणाऱ्याची ६.५ क्रीडमूरची नळी वीस वर्षं जाते.

रायफल हातात आली की आधी क्रोनोग्राफ लावा, निघालेला वेग कॅल्क्युलेटरमध्ये घाला, आणि किमान आदळ-वेग ज्या मीटरवर संपतो तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून दस्त्याला चिकटवा. माझ्या आताच्या रायफलीवर ४७० लिहिलेलं आहे.