पोरांचा लॉफ्ट बेड रंगवायचाय, पडदे लावायचेत? सामान आणायच्या आधी एवढं करून ठेवा

लॉफ्ट बेड म्हणजे उंच खांबांवरचा बेड, वर झोपायचं आणि खालची जागा मोकळी. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. कोल्हापुरात हे काम एप्रिल-मे मध्येच उरकायचं. शाळेला सुट्टी असते, पोरगं आजोळी गेलेलं असतं, खिडक्या दिवसभर उघड्या टाकता येतात. वळवाचा पाऊस येतो पण तो संध्याकाळचा, तास-दोन तासात मोकळा होतो, त्यामुळे सकाळी लवकर हात मारला की दुपारपर्यंत वरचं वाळतं. एकदा जून लागला, आभाळ खाली आलं, की मग रंग आठवडाभर चिकट राहतो आणि बंद खोलीत वास कोंडतो, त्या खोलीत लेकराला झोपवायचं म्हणजे जीवावर येतं. जून उजाडलाच असेल तर सरळ दसऱ्यापर्यंत थांबा, घाई करू नका.

रंगाचं कार्ड बघायच्या आधी टेप घेऊन बेडवर चढा. खरंच चढा, स्वतः. गादीवर बसून बघा, हात वर केला तर पंखा किती लांब राहतो. आपल्याकडे पंखा खोलीच्या मधोमध असतो आणि स्लॅब साडेनऊ-दहा फुटांवर, त्यामुळे वरती उभं राहिलेल्या पोराचा हात पात्याला लागायला वेळ लागत नाही. हात पोचतोय असं वाटलं तर आधी बेड कोपऱ्यात सरकवा, नाहीतर छताचा पंखा काढून भिंतीवरचा बसवा, सजावट त्याच्यानंतर. मग कठडा मोजा. अमेरिकेत बंक बेडसाठी, म्हणजे दोन मजली बेडसाठी, जो नियम आहे तो मला पटतो: गादी टाकल्यावर कठडा तिच्यावर निदान ५ इंच राहिला पाहिजे, फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत, आणि ६ वर्षांखालचं मूल वर झोपवायचं नाही. इथं बरेच जण चुकतात बघा, बेड घेताना गादी ४ इंचाची असते, नंतर कौतुकानं ८ इंचाची आणतात आणि कठडा जवळजवळ गादीच्या बरोबरीला येतो. गादी बदलायची असेल तर ती आधी बदला, मापं नंतर घ्या.

आता बेड कशाचा आहे ते बघा, कारण तयारी त्याच्यावर ठरते. साधं लाकूड किंवा प्लाय असेल तर सोपं, जुना पॉलिश घासून काढायचा, भोकं-खाचा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायच्या, वुड प्रायमर, मग रंग. लोखंडी असेल तर गंज तारेच्या ब्रशनं खरवडून रेड ऑक्साइडचा प्रायमर मारायचा. सनमायका असेल तर मात्र लई सांभाळून. गुळगुळीत सनमायकावर रंग धरत नाही, नखानं सोलून निघतो, म्हणून आधी पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासायचं आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा वेगळा प्रायमर मिळतो तो दुकानात मागून घ्यायचा. एवढं नको असेल तर सनमायका तसाच ठेवा आणि सगळी हौस कापडावर करा, काही बिघडत नाही.

रंग पाण्याचा घ्या, म्हणजे वॉटर बेस इनॅमल. वास कमी आणि वाळतो पण लवकर. माळ्यावर पडलेला जुना ऑइल पेंटचा डबा "वाया जातोय" म्हणून काढू नका, घरात लहान मूल असताना तर अजिबात नको. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाचा नियम २०१६ ला आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली, त्याच्या आधीच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही आणि पोरं कठडा तोंडात धरतात हे कुठल्याही आईला विचारा. डब्यावर शिशाबद्दल लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. बेडच खूप जुना असेल तर आधीचा रंग कोरडा घासू नका, पाणी लावून ओला घासा, पोरं घराबाहेर असताना.

रंग कुठला हे पोराला ठरवू द्या पण सगळा बेड त्याच्या हाती देऊ नका, हे माझं मत. पेठेतलं पोरगं असेल तर त्याला आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमचेच रंग पाहिजेत, पन्हाळा बघून आलेलं असेल तर त्याला बुरूज आणि दरवाजा पाहिजे, आणि दोन वर्षांनी त्यातलं काहीच नको असतं. म्हणून खांब आणि फ्रेम एका फिक्या रंगात, आणि त्याचा लाडका रंग कठड्याच्या एका फळीवर किंवा पुढच्या बाजूला. जे पक्कं बसणार ते कमीत कमी करायचं आणि जे काढून धुता येतं, बदलता येतं त्याच्यावर वाट्टेल तेवढी मजा करायची. शिडीच्या पायऱ्यांना चकाकणारा रंग नको, पाय सटकतो, त्यांना खरखरीत अँटी-स्लिप पट्टी चिकटवा.

कापडाला येऊया, मला याच्यातच जास्त रस आहे. खालची जागा झाकायची असेल तर साधा हिशोब: बेडची लांबी ६ फूट असेल तर पडद्याला ९ ते १२ फूट रुंदी लागते, तरच चुण्या पडतात, नाहीतर चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर तीन पाट, म्हणजे शेजारी शेजारी तीन तुकडे. खाली ५ फूट उंची असेल तर जमिनीपासून एक इंच वर ठेवा म्हणजे फरशी पुसताना भिजत नाही, वर रॉडसाठी ३ इंच, खाली दुमडायला ४ इंच, आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं त्याचे ३-४ इंच, असे पाटाला साधारण ७० इंच, म्हणजे एकूण साडेपाच मीटर धरा. कापड आणल्यावर आधी धुवा, मगच शिंप्याकडे द्या. घ्यायला कोल्हापूरजवळचं गांधीनगरचं कापड मार्केट आहे, जाणं-येणं असेल तर इचलकरंजी आहे, आणि दोन-चार मीटरच पाहिजे असेल तर महाद्वार रोडला एक फेरी पुरते. पण आधी आजीचं कपाट उघडा. सुती नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं, धुऊन धुऊन आधीच आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला, आणि इतकं मऊ कापड विकत मिळत नाही. पडदे होऊन उशीच्या अभ्र्यापुरतं उरतं सुद्धा. फक्त आजीला विचारून घ्या, कुठलं द्यायचं ते त्या सांगतील.

लोंबणाऱ्या दोऱ्या, गोंडे, बांधायच्या नाड्या काहीच नको, गळ्यात अडकायची भीती असते. खाली दोन खांबांमध्ये रॉड किंवा पडद्याची स्प्रिंग, वरती वेलक्रो, म्हणजे ओढलं तर सुटून येतं. शिडीची जागा मोकळी सोडा. वरच्या बाजूला जाड कापड नको, हवा लागत नाही. तिथं मच्छरदाणीचीच जाळी पडद्यासारखी शिवून घेतली तर डासांचं पण काम होतं आणि आतलं पोरगं बाहेरून दिसतं. ती पंख्याच्या वाऱ्यानं उडून पात्यापर्यंत जात नाही ना ते पंखा फुल करून बघायचं. लाईट लावायचीच तर बॅटरीवरची एलईडी माळ, कापडापासून लांब.

हार्डवेअरच्या दुकानात एकदाच जायचं तर एवढं लिहून न्या: पॉलिश पेपर १२० आणि २२० नंबर, लांबी, ती ओढायचा पत्रा, प्रायमर, रंग, दीड-दोन इंची ब्रश, छोटा रोलर, मास्किंग टेप, तोंडाला मास्क, रॉड आणि त्याचे होल्डर, वेलक्रो, अँटी-स्लिप पट्टी. जुनी वर्तमानपत्रं घरात असतातच. होल्डरचे स्क्रू खांबाच्या सांध्यात मारू नका, सांधा ढिला होतो, चार बोटं सोडून मारा.

शेवटचा हात मारल्यावर बोटाला कोरडं लागलं तरी रंग आतून कडक झालेला नसतो, म्हणून गादी टाकायला निदान आठवडाभर थांबा, नाहीतर गादी फळीला चिकटते. तेवढ्या दिवसांत पडदे शिवून येतात. मग सगळे नटबोल्ट आवळा, बेड दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, आणि पोरगं वर झोपायला लागल्यावर महिन्याभरानं परत एकदा आवळा, कारण रोजच्या चढण्या-उतरण्यानं ते ढिले होतातच.