जागलीची रायफल: निवडाची कशी अन् नेम कसा बसवाचा

दिवाळीत पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, कोणीतरी अमेरिकन बावा तळघरात डबे-पाणी भरून बसलाय अन् भिंतीवर पाच-सहा रायफली टांगल्यात, जग बुडालं तरी मी राहीन म्हणे. पोट्टा मला विचारते, काका आपणबी घेऊ का अशी एखादी? म्हणलं लेका, आपल्या इकडे सर्व्हायव्हल म्हणजे तुरीच्या वावरात रात्रभर जागल करून सकाळी धड पायानं घरी येणं. जंगल धुऱ्याला लागून आहे, रानडुक्कर येते, रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप येते, अन् कधी त्यांच्या मागं वाघबी येते. त्याला सांगितलं तेच इथं लिहितो, आमच्या घरी आजोबांपासून लायसनची रायफल आहे म्हणून थोडं कळते.

पहिले कायद्याचं बोलून घेऊ, कारण इथंच लोक फसतात. बोर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप. फौजेच्या बोरची, म्हणजे .३०३ किंवा ७.६२ ची रायफल आपल्याला मिळतच नाही. म्हणून तर इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडे तीनशे पंधरा बोर चालत आलं, की फौजेची गोळी त्यात बसू नये. लायसनवर सहसा मिळणारे पर्याय तीन-चार: .३१५, .३०-०६, .२२ अन् आतून गुळगुळीत नळीची बारा बोर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पहिले तीन चालायची. वरातीत हवेत गोळी उडवली तर दोन वर्षांपर्यंत जेल नाहीतर लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही, तेबी त्याच दुरुस्तीनं आलं.

अन् रायफल हाती आली म्हणजे डुक्कर मारायचं लायसन भेटलं असं नाही बरं का. डुक्कर, रोही दोन्ही वन्यजीव कायद्यात आहेत, वनविभागाची परवानगी कागदावर असल्याशिवाय बोट घोड्यावर, म्हणजे ट्रिगरवर, न्यायचं नाही. जीवावरच बेतलं, जनावर अंगावर आलं, तर स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला केलेला वार गुन्हा धरत नाहीत, पण तेव्हा तुम्ही स्वतः काही बेकायदा करत नसाल तरच. रोजच्या राखणीला टॉर्च, फटाके, डबा वाजवणं, कुत्रं, अन् कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं सरकारमान्य झटका मशीन. धुऱ्यावर डायरेक्ट लाइनची तार टाकणाऱ्याचं मात्र तोंड पाहू नये, त्या तारेनं जनावरापेक्षा शेजारचा कास्तकारच पहिले मरते.

आता निवड. ज्याच्याकडे लायसन नाही अन् शिकायचं आहे त्यानं छऱ्याची एअर रायफल घ्यावी. .१७७ म्हणजे ४.५ मिमी छर्रा अन् ताकद २० जूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही. रानातलं पाखरू तिनंबी मारायचं नाही, मोर अन् हरियल तर लांबची गोष्ट. पण नेम शिकायला याच्यासारखं स्वस्त काही नाही, मी तर म्हणतो .३१५ वाल्यानंबी वर्षभर छरेच झाडावे, कारण मोठ्या रायफलीचा धक्का खाऊन माणूस डोळे मिटायला शिकते अन् मंग ती खोड जन्मभर जात नाही.

लायसन असेल तर आपल्या कामाला .३१५ ची बोल्टवाली, म्हणजे दर गोळीला हातानं खटका मागं-पुढं करायची, बस झाली. .३०-०६ चांगलीच आहे पण काडतूस महाग अन् धक्काबी जोरदार. घेताना बोर कोणतं यापेक्षा ती अंगाला बसते का ते पाहा. डोळे मिटून खांद्याला लावा, मान न हलवता डोळे उघडा, नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत दिसली पाहिजे. दिसण्यासाठी मान वाकवावी लागली तर दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं लाकूड, तुमच्या मापाचा नाही. जुनी घेत असाल, अन् आपल्याकडे बहुतेक जुनीच येते, बापाकडून नाहीतर दुकानातून, तर पहिले रिकामी आहे हे डोळ्यानं अन् बोटानं तपासा, मंग बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरून पाहा. आतले पेच, म्हणजे वळणाच्या बारीक चऱ्या, स्वच्छ वळत गेलेले दिसले पाहिजेत, काळे खड्डे नकोत. नळीचं तोंड बोटानं चाचपा, तिथं बारीकशी चीर किंवा चेप असेल तर गोळी निघतानाच वाकडी होते, बाकी सगळं नवं असलं तरी. दस्त्याचे स्क्रू ढिले आहेत का पाहा. हा शेवटचा दोष सगळ्यात जास्त असते अन् सगळ्यात कमी लोक पाहतात.

स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावायचा का? रात्रीच्या जागलीत ५० मीटरच्या पुढं काही ओळखूच येत नाही, तर तिथं साधी माशी अन् खाचच बरी. एअर रायफलीवर लावायचा असेल तर एअरगनसाठीचाच घ्या, स्प्रिंगवाल्या एअरगनचा धक्का मागं अन् पुढं असा दोन्हीकडे बसते, साधा स्कोप महिन्याभरात आतून खिळखिळा होते.

आता नेम बसवाचं, म्हणजे जिथं नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी साईट (माशी-खाच नाहीतर स्कोप) लावून घेणं. .३१५ वावरात झाडून पाहायची नाही, जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर जा, कारण तिची गोळी तीन किलोमीटरवरबी कोणाच्या तरी बैलाला लागू शकते. एअरगन घरामागं चालते पण मागं पोतं पाहिजे, काळी माती ठासून भरलेलं, अन् त्या पोत्याच्या मागं कोणाचा रस्ता नको. दगड नाहीतर टिन मागं ठेवलं तर छर्रा उलटा तोंडावर येते, चष्मा घाला.

टेबल नसलं तर बाजेवर पाटी टाका, पुढं गव्हाची अर्धी भरलेली पिशवी ठेवा. पिशवीवर नळीखालचं लाकूड टेकवायचं, नळी कधीच नाही, नळी टेकली की गोळी वर उडते. स्प्रिंगवाली एअरगन तर पिशवीवरबी सरळ टेकवू नका, पिशवीवर डाव्या हाताचा पंजा उघडा ठेवून त्यावर तोलून धरा, दाबून धरली की प्रत्येक छर्रा वेगळीकडे जाते. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, अन् घोडा लिंबू पिळल्यासारखा हळू दाबत जायचा, केव्हा सुटला ते आपल्यालाबी कळू नये.

कागद पहिले जवळ लावा, एअरगनला १० मीटर, रायफलीला २५. जवळ लावल्यानं निदान कागदावर तरी लागते. पाच झाडा अन् मधे कुठं काही फिरवू नका. एक डावीकडे लागला की लगेच स्क्रू फिरवणारे लोक दिवसभर फिरवतच बसतात, कारण ती चूक रायफलीची नसते, हाताची असते. पाचही छिद्रांचा जो पुंजका होईल त्याचा मधला बिंदू पेनानं काढा, तो ठिपक्यापासून किती दूर आहे ते पट्टीनं मोजा. पुंजकाच पसरट असेल तर साईटला हात लावायचा नाही, पहिले छऱ्याचा ब्रँड बदलून पाहा, स्क्रू आवळा, चहा प्या. छरे दोन-तीन प्रकारचे आणून पाहायचे, गोल डोक्याचे शक्यतो एका जागी जातात, टोकदार दिसायलाच भारी.

स्कोपवर एक क्लिक म्हणजे बहुतेक वेळा पाव एमओए (एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० मीटरवर ७ मिमी. अंतर कमी तसं तेबी कमी, २० मीटरवर एक क्लिक दीड मिमीच. म्हणजे २० मीटरवर पुंजका ३ सेंमी खाली असेल तर २० क्लिक वर. नवखे लोक दोन क्लिक देतात अन् म्हणतात स्कोप खराब आहे. नॉबवरचा बाण गोळी कुठं सरकेल ते सांगते.

साध्या साईटचं गणित वेगळं अन् इथं सगळे उलटं करतात. मागची खाच जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते. माशी मात्र चुकीच्या मागं न्यायची, गोळी डावीकडे जाते तर माशीबी डावीकडे. आमचंच सांगतो. मागच्या निवडणुकीत आचारसंहितेमुळे रायफल जमा केली होती, दोन महिन्यांनी परत आणली, वरवर पाहता काही झालं नव्हतं. पण रेंजवर ५० मीटरवर पाचही गोळ्या डावीकडे ८ सेंमी, एकाच पुंजक्यात. कुठंतरी पडली असेल नाहीतर वर काही आदळलं असेल, माशी आपल्या बैठकीत उजवीकडे सरकली होती. माशी ते मागची खाच अंतर टेपनं मोजलं, ५० सेंमी. आता माशी किती सरकवायची, तर ८० मिमी गुणिले अर्धा मीटर भागिले ५० मीटर, उत्तर ०.८ मिमी. एवढंसं, नखाच्या कडेएवढं! दुकानातल्या मिस्त्रीनं पितळी पंच लावून दोन हलके ठोके दिले, माशी डावीकडे गेली, पुढच्या तीन गोळ्या ठिपक्याला चिकटल्या. मंग माशी अन् नळी दोन्हीवर आरपार पांढऱ्या नेलपॉलिशची एक रेघ ओढली, बायकोची बाटली होती, तिला दुसरी आणून द्यावी लागली. आता सरकली की रेघ तुटलेली दिसते.

गोळी खाली जात असेल तर माशी घासून छोटी करा असं कोणी सांगेल, गणितानं बरोबरच आहे, पण घासलेलं परत चढत नाही, म्हणून पहिले मागच्या खाचेची पत्ती वर करून पाहा.

पहिली गोळी नेहमी वेगळी मोजा. नळीत तेल राहिलं की ती भलतीकडे जाते, तर झाडण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसायची. अन् नळी हाताला चटके देईपर्यंत झाडत राहिलात तर पुंजका आपोआप पसरते, पाचांनंतर दहा मिनिटं बोल्ट उघडा ठेवून सावलीत. एप्रिलमधे तर सकाळी आठच्या आतच काम उरका, नंतर गरम वारा सुटला की छर्रा २५ मीटरवरबी दिसण्याइतका सरकते.

पुतण्यानं मग एअरगनच घेतली. पहिल्या दिवशी त्याचा पुंजका ताटाएवढा, पंधरा दिवसांनी १५ मीटरवर रुपयाच्या नाण्याएवढा. त्यानं एक कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय, कोणता छर्रा, किती मीटर, किती क्लिक, तारीख. आमच्या रायफलीच्या पेटीत असा कागद आजोबांनी लावला होता, पेन्सिलनं लिहिलेला, पुसट झालाय पण वाचता येते.